चोर स्विच, आंबा घाट आणि आमची वही

१९९८ च्या दसऱ्याला कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही दुकानाची पूजा केली. भांडवल म्हणजे व्होल्ट मोजायचा एक मीटर, एक सोल्डरिंगची कावी आणि उस्तादांनी निरोप देताना हातात ठेवलेली त्यांची स्वतःची पक्कड. कामं नेहमीची, म्हणजे सेल्फ, हॉर्न आणि वायरिंग. आणि चोर स्विच. चोरखिसा, चोरकप्पा म्हणतो ना, तसाच हा शब्द. चोरून बसवलेला स्विच, जो मालकालाच ठाऊक, म्हणजे चोरानं चावी फिरवली तरी गाडी चालू राहत नाही.

तेव्हाच्या कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० मध्ये पेट्रोलचा पंप इंजिनावरच असायचा आणि इंजिनाच्याच जोरावर चालायचा. त्याला वीज लागत नसे, त्यामुळे आम्ही ठिणगी पाडणाऱ्या इग्निशन कॉइलची वायर स्विचमधून फिरवायचो. पुढं एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या गाड्या आल्या. पंप टाकीत गेला आणि बॅटरीवर चालू लागला. पंपाची वायर तोडून स्विचमधून नेली की काम फत्ते, असं आम्हाला वाटलं, आणि वर्षभर आम्ही तसंच करत राहिलो.

मग एका श्रावणात संध्याकाळी फोन आला. गिऱ्हाईक सहकुटुंब रत्नागिरीहून परतत होतं. आंबा घाटात गाडी धक्के खात बंद पडली होती. धुकं, पाऊस, मागून ट्रक, गाडीत म्हातारी आई. मित्राची जीप घेऊन मी निघालो. पोचेपर्यंत अंधार पडला होता. सीटखाली हात घातला तर स्विच गरम. पंपाला चार-पाच अँपिअर लागतात. तेवढा सगळा करंट मी साध्या दिव्याच्या स्विचमधून नेला होता आणि जोड नुसता पिळून वर टेप गुंडाळला होता. टेपचा डिंक वितळून ओघळला होता, तांबं काळं पडलं होतं. स्विच चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीवर १२.४ आणि स्विचच्या पुढं जेमतेम ८ व्होल्ट. तेवढ्यावर पंप कसला दाब देणार? दोन्ही टोकं थेट जोडली, पंप गुणगुणला, गाडी लागली. मालक एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांच्या आईनं मला डब्यातला लाडू दिला. त्या रात्री मला झोप आली नाही.

घाटात इंजिन बंद पडलं की ब्रेक दगडासारखा लागतो आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. चोरासाठी लावलेला स्विच मालकाच्या जिवावर उठता कामा नये, हे त्या रात्री कायमचं मनात बसलं. बिलबुकातून शोधून तशा सगळ्या गाड्या परत बोलावल्या आणि पैसे न घेता वायरिंग नवं केलं. ते चार महिने घर कसं चाललं ते बायकोलाच माहीत.

तेव्हापासून आमच्याकडं रिलेशिवाय काम होत नाही. रिले म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच. पाच पिनांचा रिले घेतो. पंपाचा करंट ३० नंबरच्या पिनेतून ८७ए नंबरच्या पिनेत जातो, म्हणजे रिले झोपलेला असताना पंप चालू. गाडी लावून जाताना छुपा स्विच दाबायचा. मग कुणी चावी फिरवली की ८५-८६ या पिनांमधल्या रिलेच्या कॉइलला वीज मिळते, रिले ओढला जातो आणि पंपाची वाट तुटते. स्विचमधून फक्त कॉइलचा करंट जातो, पाव अँपिअरसुद्धा नाही. पुष्कळ कारागीर ८७ वर जोडतात, म्हणजे रिले ओढलेला असेल तरच पंप चालू. त्यात चोरानं छुप्या स्विचची वायर तोडली तरी पंप बंदच राहतो, हे खरं. पण चालत्या गाडीत कॉइल जळाली तर इंजिन तिथंच थांबतं. माझ्या पद्धतीत कॉइल जळाली तरी मालक घरी पोचतो. मी ८७ए सोडणार नाही.

बिघाड शोधायची आमची रीत कानापासून सुरू होते. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोन सेकंद घूं असा आवाज यायला हवा. तो येत नसेल तर आधी छुपा स्विच बघा (निम्म्या वेळा मालकच विसरलेले असतात), मग फ्यूज, मग रिले. गाडी लागते आणि लगेच मरते, तेव्हा पाइपात उरलेल्या दाबावर ती लागलेली असते. पंप बंदच असतो. आणि मीटर लावायचा तो पंप चालू असताना. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी बिनलोडचा मीटर बिनदिक्कत बारा व्होल्ट दाखवतो, आणि नवी पोरं तिथंच फसतात. आम्ही जोडाच्या दोन्ही बाजूंना मीटर धरतो. ०.२ व्होल्टच्या वर फरक आला की जोड उघडायचा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं. पाणी ओसरल्यावर आलेल्या गाड्यांत सीटखालचे रिले हिरवेगार झाले होते. आता रिले डॅशबोर्डच्या आत, उंचावर बसवतो, पिना खाली तोंड करून. वॉरंटीतल्या नव्या गाडीची वायर मात्र आम्ही कापत नाही. चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारा इमोबिलायझर असतोच, तेवढ्यावर राहा असं सांगून परत पाठवतो. गिऱ्हाईक नाराज होतं, होऊ दे.

प्रत्येक गाडीचं एक पान वहीत असतं. कुठली वायर कापली, रिले कुठं, रंग कुठला. वह्या कुलपात असतात आणि किल्ली बायकोकडं. गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला हुबळीजवळून फोन आला, गाडी लागत नव्हती. मालकाचा आवाज ओळखीचा, तरी गाडीचा नंबर आणि बिलाची तारीख विचारून घेतली. मग बायकोनं पान काढलं आणि तिनंच वाचून दाखवलं, "ग्लोव्ह बॉक्सच्या मागं, डावीकडं, पांढऱ्या पट्टीची निळी वायर." तिकडच्या मिस्त्रीनं हात घातला. उंदरानं वायर कुरतडली होती.