सोपं आहे ना?

सोलापुरात आणि आसपास आम्ही पायी फिरायला जातो, त्या रविवारच्या फेरीचा निरोप मी शुक्रवारी रात्री पाठवतो. शनिवारी सकाळपर्यंत पाच-सहा जणांचा तोच प्रश्न आलेला असतो, "काका, सोपं आहे ना?" पूर्वी मी "एकदम सोपं" असं कळवून मोकळा व्हायचो. दोन वर्षं होत आली, तसं लिहीत नाही. एकूण चालणं किती, त्यातलं सावलीत किती, टेकायला जागा कुठं, पायऱ्या आहेत का, धरायला काही आहे का, शौचालय कुठं आणि रविवारी सकाळी ते उघडं असतं का, हे लिहितो. त्यावर उत्तर येतं, "एवढं कशाला ओ, हो की नाही तेवढं सांगा की." एका जुन्या स्नेह्यांनी तर तोंडावर विचारलं, तुम्ही लोकांना बोलावताय की घाबरवताय?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो. दरवेळी फोनवर सांगणं मला जमत नाही.

आधी माझी बाजू. आमच्या फेऱ्या सोप्याच आहेत, हे मी आजही म्हणतो. सोलापूर सपाट आहे. इथं कुणाला डोंगर चढवायचा नाही की दोर लावायचा नाही. सिद्धेश्वर तलावाच्या काठानं चालायचं, मधल्या पाण्यात देऊळ दिसतं आणि पलीकडं भुईकोटाचा तट. तलाव सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांच्या हातांनी खोदवून घेतला असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण संक्रांतीच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या एखाद्या सकाळी त्याच काठानं गप्प चालून बघा, तो तलाव निराळाच भासतो. किल्ल्यात गेलं की खंदक, दुहेरी तट, नागबावडी नावाची विहीर, आणि आत कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाच्या देवळाचे अवशेष. हाच किल्ला निजामशहानं चांदबिबीच्या लग्नात आदिलशहाला आंदण दिला. पुढं त्यावरून दोन घराणी किती वर्षं भांडली! 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा लावून तो घेतला. एवढं सगळं घरापासून रिक्षाच्या अंतरावर असताना लोक सुट्टी लागली की महाबळेश्वरला पळतात, याचं मला वाईट वाटायचं. म्हणून फेऱ्या सुरू केल्या. विजापूर रस्त्याचा कंबर तलाव झाला, सिद्धेश्वर वनविहार झाला. थंडीत एकदा अक्कलकोटला जाऊन राजवाडा आणि शस्त्रागार. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या पायावर एका बाईनं आपलं मूल घातलं, त्यांनी ते सांभाळलं, त्याचं नाव फत्तेसिंह ठेवलं आणि पुढं त्याला अक्कलकोट दिलं, ही गोष्ट तिथं वाड्यासमोर उभं राहून सांगायला मला फार आवडतं. हत्तरसंग-कुडलला भीमा आणि सीना एकमेकींत मिसळतात तिथं शके 940 चा, म्हणजे 1018 चा मराठी शिलालेख आहे. त्याच्यासमोर आठवीतल्या मुलाला अक्षर लावताना मी पाहिलंय. हे मी लोकांपर्यंत पोचवलं, याचा मला आनंद आहे आणि तो मी लपवणार नाही.

आणि हिप्परगा. एकरूख तलाव म्हणा. तुळजापूर रस्त्याला शहर संपलं की आदिला नदीवर 1871 साली पुरा झालेला मातीचा बांध, दोन किलोमीटरहून लांब. सरळ, सपाट. हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस. पाणी मागं हटलं की काठाच्या गाळात आणि कोवळ्या गवतात ते सकाळी चरायला उतरतात. माझ्या मते सोलापुरात याहून सुंदर सकाळ नाही.

तिथलाच हा प्रसंग.

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार होता. आम्ही चौदा जण, त्यात पाच बायका. माझी अक्का पहिल्यांदाच आली होती. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, तेव्हा सदुसष्टची. ती नको म्हणत होती आणि मीच मागं लागलो होतो. "अक्का, एकदम सोपं आहे, अंगणात चालल्यासारखं," हे माझे शब्द. ती पहाटे साडेचारला उठली, सगळ्यांसाठी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधली. पाण्याची बाटली भरून पिशवीत ठेवताना मी स्वतः पाहिलं.

जाताना ती मजेत होती. हंस दिसले तेव्हा माझा दंड धरून म्हणाली, "एवढ्या लांबून येत्यात आणि आपण हित्तं राहून बघितलं नाही बघ." मी तिला पुढं पुढं नेत गेलो. परत फिरलो तेव्हा साडेनऊ झाले होते. आपल्याकडं फेब्रुवारीतसुद्धा साडेनऊनंतर ऊन अंगावर येतं आणि बांधावर झाड नाही. ती मागं पडायला लागली. मी दोनदा थांबलो. तिसऱ्यांदा थांबलो नाही, कारण पुढच्या लोकांना मी रोहित पक्ष्यांबद्दल काहीतरी सांगत होतो.

मागून कुणीतरी ओरडलं. वळून पाहिलं तर अक्का बांधाच्या दगडांवर बसली होती आणि बसल्या बसल्याच कलंडत होती. पोचेपर्यंत तिचा गुडघा सोलवटला होता. ओठ कोरडे, डोळे उघडे पण कुठंच न बघणारे. एका बाईंनी तिच्या पिशवीतून बाटली काढली. ती गळ्यापर्यंत भरलेली होती. पहाटेपासून एक घोटसुद्धा प्यालेली नव्हती. मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की माझा आवाज चढतो. सगळ्यांसमोर ओरडलो, "पाणी का नाही प्यालीस? लहान आहेस का तू?"

तिला थोडं पाणी पाजलं, पदर ओला करून तोंड पुसलं. जराशी सावध झाल्यावर ती फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "प्यालं की जावं लागतं. जाऊ कुठं रे मी?"

मी सकाळपासून दोनदा बांधाखालच्या बाभळींमागं जाऊन आलो होतो. सगळे पुरुष गेले होते. जाताना कुणी कुणाला सांगितलंही नव्हतं, इतकं ते साधं होतं.

रस्त्यापर्यंत एका शेतकऱ्याच्या टेम्पोतून नेलं, तिथून रिक्षा. दवाखान्यात सलाइनच्या दोन बाटल्या चढल्या. डॉक्टरांनी सांगितलं, पाणी कमी पडलंय आणि लघवीचा जंतुसंसर्गही आहे, तो आजचा नाही, आधीचाच. त्यांनी तिला विचारलं, बाहेर जाताना पाणी कमी पिता का? अक्का म्हणाली, "सगळ्याच पितात की." एसटीचा प्रवास, लग्नं, पंढरीची वारी, सगळीकडं हाच हिशेब. सकाळी अर्धा कप चहा, पुढं घरी येईपर्यंत काही नाही. साठ वर्षं मी तिचा भाऊ आहे. मला हे माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून "सोपं" हा शब्द माझ्या हातून लिहिला जात नाही. माझं सोपं म्हणजे माझ्या पायांना सोपं होतं, आणि माझ्या बाभळीला.

आता तुम्ही म्हणाल, एका बाईच्या चक्करवरून एवढं? मीही महिनाभर स्वतःला हेच सांगत होतो. तिनं सांगायला हवं होतं, मला स्वप्न पडणार होतं का, असं बायकोजवळ बोललोही. बायको म्हणाली, "तुम्ही विचारलं होतं का?" विचारलं नव्हतं. पण विचारलं असतं तरी चौदा जणांत तिनं सांगितलं असतं का? मला नाही वाटत. मग दोष कुणाचा, याचा माझा निकाल अजून लागलेला नाही. कधी वाटतं माझाच, कधी वाटतं एवढं अंगाला लावून घेण्यासारखं काही नाही.

किल्ल्यात जाऊन मी प्रत्येक पायरी नव्यानं पाहिली. तटाकडं चढणाऱ्या काही दगडी पायऱ्या इतक्या उंच आहेत की गुडघे दुखणाऱ्या माणसाला हाताचा आधार घेतल्याशिवाय चढता येणार नाहीत. इतकी वर्षं मी तिथून गप्पा मारत चढलो. आता फेरीआधी एकदा बायकोला घेऊन जातो, आणि शौचालयाचं दार उघडतं का, आत पाणी आहे का, ते ती बघून येते. हे सगळं निरोपात लिहितो. कुणाला घाबरवायचा हेतू नाही.

आणि हिप्परग्याची फेरी मी बंद केली. तुमच्यातले बरेच जण हेही विचारतात, म्हणून सांगतो. जिथं सगळ्यांची सोय नाही तिथं न्यायचं नाही, असं ठरवलं. मला ते बरोबर वाटलं होतं. गेल्या डिसेंबरात त्या दिवशीच्या दोन बायका घरी आल्या. एक म्हणाली, "दादा, आम्ही चाळीस वर्षं आमचं आम्ही बघतोय. तुम्हाला गेल्या वर्षी कळलं आणि तुम्ही दारच लावलंत." दुसरी म्हणाली, दोघीतिघींनी साडी धरून आडोसा केला की भागतं, पुरुषांनी फक्त पुढं चालत राहावं आणि वळू नये. मी म्हटलं, अशी वेळ तुमच्यावर का यावी? ती म्हणाली, "येऊ नये हो. पण हंस तोवर थांबणारेत का?"

मला उत्तर देता आलं नाही. अजून ठरलेलं नाही. शौचालय होईपर्यंत थांबायचं म्हणजे किती वर्षं, कुणाला ठाऊक. आणि साडीच्या आडोशाच्या भरवशावर चौदा जणांना निरोप कसा पाठवायचा, तेही मला कळत नाही.

अक्का आता फेरीला येत नाही. सिद्धेश्वर तलावाच्या काठी एकदा आली, अर्धा तास बसली, परतली. परवा भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "हिप्परग्याला हंस आले का रे?" मी म्हटलं, आले असतील.

"असतील म्हणजे? तू गेला नाहीस?"