आमची वाटचाल : कागवाड-म्हैसाळमार्गे मिरज

कर्नाटक सीमेपलीकडचा पेशंट मिरजेला यायला लागला तो काही आमच्यामुळे नाही. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल काढलं. अथणी-चिक्कोडीकडच्या घरांत दुखणं वाढलं की आजही मिरजेचंच नाव निघतं. आम्ही फक्त आणायची सोय केली. ॲम्ब्युलन्स म्हणून एक जुनी ओम्नी, स्टिअरिंग माझं, आणि भागीदार कागवाडचे अण्णा. पेशंटला काय होतंय ते अण्णांनी कन्नडमध्ये विचारायचं, कॅज्युअल्टीत मी मराठीत सांगायचं. पुढे दोन ट्रॅव्हलर आल्या, दोन्ही फायनान्सवर.

मग २०२०. मार्चअखेर सीमा बंद. एमएच १० नंबरची गाडी पलीकडे जाईना, केए २३ ची अलीकडे येईना, आणि आमचं गिऱ्हाईक सगळं पलीकडचं. कागवाडच्या पुढचे एक अप्पा आठवड्यातून दोनदा डायलिसिसला यायचे. ते कसे थांबणार? अण्णा त्यांना तिकडच्या गाडीतून बॅरिकेडपर्यंत आणायचे. पोलिसांना पास दाखवायचा, डायलिसिसची फाइल दाखवायची आणि भर उन्हात रस्त्यावरच स्ट्रेचर या गाडीतून त्या गाडीत. फिश्चुलाचा (डायलिसिसच्या सुया टोचायच्या शिरेचा) हात चुकून कुणी धरू नये म्हणून सुनेनं त्यावर लाल फडकं सैलसर गुंडाळलेलं असायचं.

हप्ते सहा महिने पुढे गेले, व्याज मात्र चढत राहिलं. एक ट्रॅव्हलर विकावी लागली. त्याच दिवसांत इथल्या एका गाडीवाल्यानं (नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील) आमच्या गाड्या कोविडच्या आहेत असं गावोगाव उठवलं. जिथं कमिशन मिळतं त्याच हॉस्पिटलच्या दारात गाडी लावायची, ही त्याची रीत. आमच्याकडे पेशंट सांगेल तिकडे गाडी वळते. त्यानं अप्पांना फुकट फेरी देऊ केली होती. अप्पा म्हणाले, 'अण्णा आहे की.' त्या तीन शब्दांवर आम्ही तो उन्हाळा काढला.

२०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना (मोफत उपचारांची) जाहीर केली, तसे फोन वाढले. निघण्याआधी एवढं करा: आपलं गाव यादीत आहे का ते विचारा, मूळ कागद बरोबर घ्या, झेरॉक्सवर भागवू नका. जुने रिपोर्ट तारखेनं लावा. आणि गाडी कुणाचीही असो, ऑक्सिजन सिलिंडरचा काटा स्वतः बघा. भरलेल्या बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो, मिनिटाला ५ लिटरनं पाच तास. १० लावला की अडीच. काटा अर्ध्यावर असेल तर त्याच्याही निम्मं. ड्रायव्हर 'फुल आहे' म्हणतो, त्यावर जाऊ नका. फ्लोमीटरच्या (ऑक्सिजन किती जातोय ते दाखवणाऱ्या मीटरच्या) पाण्याच्या बाटलीत बुडबुडे दिसल्याशिवाय गाडी हलू देऊ नका.

मागच्या वर्षी त्याच गाडीवाल्याचा सिलिंडर म्हैसाळजवळ संपला, आत पेशंट. फोन आम्हालाच आला. अण्णांनी आमचा भरलेला सिलिंडर नेऊन जोडून दिला, आणि पावती फाडली.