भोक मोठे करण्याआधी जागेवर आणावे लागते

आजोबांनी जुन्या बाजारातून आणलेले आमचे ॲन्सोनिया या अमेरिकन कंपनीचे टोल्याचे घड्याळ एकदा किल्ली दिली की आठ दिवस चालायचे, पण गेल्या पावसाळ्यापासून ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच थांबू लागले. भिंग लावून पाहिले तेव्हा मागच्या प्लेटमधले, दुसऱ्या चाकाच्या आसाचे टोक ज्यात फिरते ते भोक लांबट झालेले दिसले आणि त्याच्या कडेला काळे तेल चिकटून बसलेले होते. घड्याळ न खोलता वरून नुसते तेल सोडत राहिले की त्यात धूळ मिसळते आणि ती पितळ खाते. ते तेल सोडणारा बहुतेक वेळा मीच होतो.

या घड्याळाच्या कमानींना, म्हणजे स्प्रिंगांना, डबी नसते, त्या उघड्याच असतात. म्हणून ताणलेल्या कमानींवर आधी तारेची कडी चढवली, मग किल्ली उलट फिरू न देणारी खिट्टी बाजूला धरून किल्ली मुठीत हळूहळू फिरू दिली, आणि ताण पूर्ण उतरल्यावरच प्लेटचे नट सोडले.

खरी कसोटी भोकाची होती. आसाचे टोक दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीचे, त्यामुळे भोक मोठे करून त्यात पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, ठोकला की काम झाले, असे मला वाटले. मी ब्रोच, म्हणजे भोक मोठे करायची पाच धारांची निमुळती सळई, पिनव्हाइस या हातात धरायच्या छोट्या पकडीत धरून फिरवला, बुश बसवला, आणि चाके जोडली तर दात एकमेकांत जाम. ब्रोच लांबट भोकाच्या मागे मागे जातो, त्यामुळे नव्या भोकाचा मध्य झिजेच्या दिशेने सरकला होता. आमच्या आळीतल्या घड्याळजी काकांना प्लेट दाखवली तेव्हा ते एवढेच म्हणाले, "अरे, आधी भोक जागेवर आण, मग मोठं कर."

बुश काढून मी झिजेच्या बरोबर समोरची कड बारीक गोल कानसीने तितकीच घासली, म्हणजे भोक दोन्हीकडे सारखे लांबट झाले आणि मध्य मूळ जागी आला. मग प्लेटच्या आतल्या बाजूने ब्रोच घातला, प्रत्येक दोन-तीन फेऱ्यांनंतर तो काढून कीस पुसला, आणि ब्रोच प्लेटला काटकोनात आहे ना हे दोन बाजूंनी पाहिले. जोर लावायचा मोह फार होतो. पण धार बोथट नसेल तर ब्रोच हलक्या हातानेच कापतो, आणि पितळ कापले जात असल्याची ती बारीक कुरकुर बोटांना कळते. या वेळी थोडा जाड बुश लागला. तो आतूनच दाबून बसवला, त्याचे भोक आसाच्या मापापर्यंत मोठे केले आणि शेवटी तेलाचा थेंब लावलेल्या गुळगुळीत, बिनधारेच्या ब्रोचने आतली बाजू चकचकीत केली.

आसावरही चरे होते. ते न घालवता नवा बुश बसवणे म्हणजे तोही आसाला खायला देणे, म्हणून आसही घासून गुळगुळीत केला. नंतर ते चाक एकटेच दोन प्लेटांमध्ये ठेवून फुंकर मारली, तर ते फिरले आणि न अडखळता थांबले.

घड्याळ आता आठवडाभर चालते. टोल्याच्या बाजूचे एक भोकही लांबट होऊ लागले आहे. त्याचा बुश डबीत वेगळा काढून ठेवला आहे.