आमची वाटचाल : चुकलेल्या नाकापासून

२००८ साली मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका दुकानात जुन्या मालाच्या ढिगात मला मिग-२१ या लढाऊ विमानाचा, भाग जुळवून छोटं मॉडेल करायचा प्लास्टिक किट सापडला. १:७२ प्रमाणातला, खोक्याचे कोपरे उंदराने कुरतडलेले, वर आपल्या वायुसेनेची चिन्हं. बाबा नाशिकजवळ ओझरच्या विमान कारखान्यात, एचएएलमध्ये, सदतीस वर्षं फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांचा वेळ जात नव्हता, म्हणून मी तो किट त्यांच्यासाठी घेतला.

बाबांनी खोकं उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुढचा भाग बोटात धरून फिरवला. "हे आपलं नाही," म्हणाले. "हे चौऱ्याहत्तर आहे. आपलं सत्याहत्तर."

ओझरच्या लोकांना मिग-२१ असं एकच विमान ठाऊक नसतं. टाइप ७४ म्हणजे एफ-१३. ती १९६३ मध्ये रशियातून आली, तीही मोजकीच. टाइप ७७ म्हणजे एफएल. १९६४ मध्ये ओझरचा कारखाना उभा राहिला तो या जातीसाठी. इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा ओझरला, अशी वाटणी होती. दोनशेहून जास्त एफएल इथून उडाली. त्यानंतर ९६ आणि ७५ आली. खोक्यावरचं चित्र आमच्या विमानाचं होतं, आतली विमानाची मापं दुसऱ्याच भावंडाची.

मी तेव्हा अंबड एमआयडीसीत एका टूलरूममध्ये डायमेकर होतो. प्लास्टिकचे साचे बनवणं हेच पोट. त्यामुळे बाबांना त्या किटमध्ये चुकलेलं विमान दिसलं आणि मला थकलेली डाय. प्रत्येक भागाच्या कडेला पातळ पापुद्रा आलेला, म्हणजे डायची पार्टिंग लाइन झिजलेली. पंख मुळाशी जाड होता तिथे खड्डा पडलेला, म्हणजे माल थंड होताना आत ओढला गेलेला. आणि सगळ्या अंगावर उठलेल्या रेघा.

या उठलेल्या रेघांवर हौशी मंडळी फार चिडतात, पण त्यामागे आळस नव्हता. पोलादी डायमध्ये चर कोरला की प्लास्टिकवर रेघ उठून येते. चर कोरणं सोपं. प्लास्टिकवर खोल रेघ हवी असेल तर उलट पोलादात बारीक वरंबा उभा ठेवून आजूबाजूचं सगळं पोलाद खरवडून काढावं लागतं. हाताने आणि पँटोग्राफ मशीनवर डाय कापायच्या काळात हे कोण करणार? नंतर स्पार्क मशीन आलं, सीएनसी आलं, आणि खोल रेघा सर्रास झाल्या. साठच्या दशकातल्या कारागिराने त्याच्या हत्यारांत जे बसलं ते केलं. मला त्याच्याबद्दल आदरच आहे. रिव्हेटबद्दल मात्र नाही. मी व्हर्नियरने मोजलं, एकेक रिव्हेट ०.३ मिलिमीटर वर आलेलं. बहात्तरने गुणलं तर खऱ्या विमानावर ते दोन सेंटिमीटरहून उंच. बाबा म्हणाले, "आम्ही पत्र्यावर हात फिरवून बघायचो. लागलं तर परत. इथे तर सुपाऱ्या चिकटवल्यात."

मग आम्ही दोघं त्या किटच्या मागे लागलो. चौऱ्याहत्तरचं सत्याहत्तर करायचं.

काय काय बदलायचं ते बाबांनी दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर लिहून दिलं. नाकाचं तोंड रुंद, कारण आत रडार आलं. मधला शंकूही त्याच मापाने मोठा. पुढची लांब नळी, जिला पिटो म्हणतात, एफ-१३ मध्ये नाकाच्या खाली असते, एफएलमध्ये वर. उजव्या अंगाची तोफ काढून टाकायची, तिचा फुगवटाही. शेपटीचं उभं पान रुंद आणि त्याच्या बुडाशी ब्रेक पॅराशूटचं नळकांडं. आणि चाकं. हे मला तोवर माहीतच नव्हतं: एफ-१३ चं मुख्य चाक ६६० मिलिमीटर व्यासाचं, नंतरच्यांचं ८००. मॉडेलमध्ये ९.२ ऐवजी ११.१. दोन मिलिमीटरसुद्धा नाहीत. पण ते मोठं चाक पोटात मावावं म्हणून पंखाच्या मुळाशी अंगावर फुगवटा मोठा करावा लागला, आणि तो फुगवटा ही एफएलची ओळख. चाक बदललं आणि फुगवटा तसाच ठेवला, तर ओझरचा माणूस लांबूनच हसेल.

आकडे मात्र बाबांनी सांगितले नाहीत. छापील पुस्तकांत आहे तेवढंच. पंखांची लांबी ७.१५४ मीटर हा आकडा जगजाहीर, म्हणजे मॉडेलमध्ये ९९.४ मिलिमीटर. आमच्या किटचे पंख दीड मिलिमीटरने जास्त भरले, ते टोकाला घासून आणले. पण नाकाच्या तोंडाचं माप विचारलं की बाबा गप्प. "कारखान्यातलं कागदावरचं मी बाहेर सांगणार नाही. विमान उघड्यावर उभं आहे ना चौकात? जाऊन मोज." मी खरंच सुताराचा टेप आणि शिडी घेऊन एका शाळेच्या आवारातल्या विमानाशी गेलो. वॉचमनने विचारलं, "भंगारात घेणार का?" नाही म्हणेपर्यंत मुख्याध्यापक आले. त्यांना मी खिशातलं अर्धवट मॉडेल दाखवलं. मग त्यांनीच शिडी धरली.

पहिलं विमान पूर्ण व्हायला सात महिने गेले. उठलेल्या रेघा ४००, ८०० आणि १२०० च्या वॉटर पेपरने घासून टाकल्या. लेबलची जाड चिकटपट्टी पट्टीसारखी लावून सुईने नव्या रेघा ओढल्या. नाक ॲक्रिलिकच्या दांड्यातून लेथवर काढलं. शेपूट १ मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटची. नाकात गळाला लावायची शिशाची वजनं भरली, नाहीतर विमान मागे बसतं. रंगाला मी चंदेरी स्प्रे आणला तर बाबांनी तो बाजूला ठेवला. "तो रंग नाही, पत्रा आहे. प्रत्येक पत्रा वेगळा दिसतो." म्हणून खाली चकचकीत काळा आणि वर चार छटांचे चंदेरी थर, शेपटीकडे जळकट.

पुण्यात हौशी मंडळींचा मेळावा असतो, तिथे ते नेलं. विमानाचं कौतुक झालं, पण सहाजणांनी विचारलं ते वेगळंच: "नाक आणि शेपूट विकणार का? किट आमच्याकडे पडून आहे." आमचा धंदा त्या प्रश्नातून निघाला. आम्ही आजही पूर्ण किट बनवत नाही. दुसऱ्याच्या जुन्या किटमध्ये जे चुकलंय तेवढंच बनवतो.

सहा नगांसाठी डाय कापणं परवडत नाही. म्हणून सिलिकॉन रबरचा साचा आणि त्यात दोन भागांचं रेझिन. मला वाटलं, पोलादात हात बसलेल्या माणसाला रबर काय जड? पहिलाच साचा सुकला नाही. मास्टर, म्हणजे ज्यावरून साचा घ्यायचा तो मूळ नमुना, मी शिल्पकारांच्या मातीत बसवला होता, त्या मातीत गंधक होतं आणि आमचं सिलिकॉन प्लॅटिनमवर जमणारं. गंधक लागलं की ते जमतच नाही. आठवडाभर चिकटच. दीड किलो रबर फुकट, आणि मास्टर धुताना शेपटीचं टोक मोडलं.

दुसरा धडा पावसाचा. जूनपर्यंत रेझिन काचेसारखं निघत होतं. जुलैत तेच रेझिन, तोच साचा, आणि नाकं पावासारखी फुगून बाहेर. रेझिनचा एक भाग हवेतली ओल पितो आणि त्यातून वायू सुटतो, हे मला नंतर कळलं. चाळीस नाकं फेकली. तेव्हापासून डबे बंद पेटीत सिलिका जेलबरोबर ठेवतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ओतकाम बंद म्हणजे बंद. बुडबुडे काढायला व्हॅक्यूम लागतं. त्यासाठी जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि आईचा दहा लिटरचा कुकर. आईला नवा कुकर घेऊन दिला, आमच्या वर्कशॉपचं पहिलं भांडवली खर्चाचं बिल तेच. एका साच्यातून वीसपंचवीस नग चांगले निघतात, पुढे बारीक रेघा फाटू लागतात. लोभाने तिसावा नग काढला तर गिऱ्हाईक तोच परत पाठवतं.

२०११ ला नोकरी सोडली. घरी सांगितलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "पीएफ काढू नकोस."

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, हा वेगळा वनवास. बाहेरून येणाऱ्या डेकलमध्ये आपला केशरी बहुतेक वेळा टोमॅटोकडे झुकलेला. त्यातून खाली पांढरा थर नसला, तर हिरव्या रंगावर केशरी मातकट होतो. मी रविवार कारंज्याजवळच्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे गेलो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये त्याची तीस वर्षं गेली होती. त्याला म्हटलं, बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा, आणि सगळ्याखाली पांढरा, अंतर केसाएवढंही हलायला नको. तो म्हणाला, "गणपतीच्या सोंडेवर सोनेरी बसवतो, हे काय." तिसऱ्या प्रयत्नात बसवलं. डेकलचा कागद आम्ही आणून देतो, छपाई आजही त्याच्याकडे. लग्नसराईत तो आमचा फोन उचलत नाही.

सर्वाधिक मागणी १९७१ ची. १४ डिसेंबरला मिग-२१ नी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेट सोडली, ती सगळी एफएल. त्या युद्धात चंदेरी विमानांवर घाईघाईने हिरवा रंग मारला गेला, तळातळावर वेगळा. त्यामुळे एकच छापील नमुना देता येत नाही. काही गिऱ्हाईक हटून बसतात की पट्टे नेमके कुठे ते सांगा. मी त्यांना कृष्णधवल फोटो बघायला सांगतो आणि ब्रश हातात घ्यायला सांगतो. तेव्हाही कुणी पट्टी लावून रंगवलं नव्हतं. पोटाखाली लावायचा तोफेचा पॉड मात्र आम्ही देतो, कारण एफएलला पोटात तोफ नव्हती आणि ७१ साली तो पॉड कामी आला.

मधली वर्षं सरळ गेली असं नाही. चेक प्रजासत्ताकातल्या एडुआर्डने २०११ मध्ये १:४८ चं आणि २०१८ मध्ये १:७२ चं मिग-२१ एमएफ, म्हणजे टाइप ९६ च्या घराण्यातलं विमान, बाजारात आणलं. ते इतकं नेमकं की टाइप ९६ साठी केलेले आमचे सुधारणा-संच रात्रीतून निरुपयोगी झाले. सत्तर संच कपाटात पडले. मी स्वतः तो किट विकत घेतला, जुळवला, आणि एकही दोष न सापडल्याने दोन दिवस कुणाशी नीट बोललो नाही. चांगल्या किटवर आमच्यासारख्यांचं पोट भरत नाही, हे खरं.

मग २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० झालं, पुढे २०२३ मध्ये ७०. छोट्या मापाची मॉडेलं कस्टमच्या खात्यात खेळण्यांच्याच रांगेत मोजली जातात. नवे किट महागले. त्यात टाळेबंदी. लोकांनी माळ्यावरचे जुने किट काढले, कुणी शाळेत असताना घेतलेले, कुणी काकांनी लंडनहून आणलेले. उठलेल्या रेघा, पिवळी पडलेली काच, तुटलेली चाकं. आणि आमचा फोन वाजू लागला. सरकारच्या धोरणाने मोठ्या विक्रेत्यांचं नुकसान झालं असेल, माझं मात्र त्या दोन वर्षांत कर्ज फिटलं. यावर आनंद मानावा की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता भाची आमच्यात आहे. ती संगणकावर भाग काढते आणि रेझिन प्रिंटरवर मास्टर छापते. लेथवर नाक काढायला मला दोन दिवस लागायचे, तिचं रात्रीत होतं. थरांच्या बारीक पायऱ्या मात्र राहतात, त्या घासायचं काम माझं. तिला मी एकदाच ओरडलो. तिने चाकाचा टायर अगदी गोल काढला होता. विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा टायर खाली दबतो. आता आमच्या सगळ्या चाकांना तळाशी चपटा भाग असतो, आणि गिऱ्हाईक दर महिन्याला एक तरी लिहितं की चाक सदोष आलंय.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला शेवटच्या मिग-२१ ना निरोप दिला, ती ७५ होती. बाबांची सत्याहत्तर तर २०१३ मध्येच कलाईकुंड्याला थांबली होती. त्या दुपारी टीव्हीसमोर बसून ते पूर्ण वेळ पाहत होते. मध्येच म्हणाले, "पाठीचा कणा बघ किती फुगलाय. तुमच्याकडे आहे का हा?" नव्हता. त्या आठवड्यात टाइप ७५ च्या संचासाठी एकवीस जणांनी विचारलं.

कण्याचा मास्टर आता टेबलावर आहे, पाचवा. पहिले चार बाबांनी व्हर्नियर न लावता, अंगठा फिरवून नापास केले. पाचव्याला शेपटीजवळ अजून थोडं पोट आहे म्हणतात. ज्यांनी आगाऊ पैसे भरलेत त्यांना विनंती, की महिनाभर थांबा. बाबांनी पास केल्याशिवाय साचा ओतत नाही.