गोल्फच्या ग्रीनवरचं होल कटर, नोंद चौथी: पातं फिरवायचं नाही, झुलवायचं

गोल्फच्या मैदानात ग्रीनवर, म्हणजे बारीक कापलेल्या हिरवळीवर, चेंडूसाठी होल पाडणारं यंत्र मी बनवतोय. मागच्या नोंदीत म्हटलं होतं की ड्रिल मशीनला गोल नळीसारखं पातं जोडून बघतो. बघितलं, आणि तो रस्ता कायमचा सोडला. हाच बेत आणखी कुणाच्या मनात असेल तर आधी हे वाचा.

18 व्होल्टचं बॅटरीचं ड्रिल, लो गिअर, चकमध्ये जाड दांडा आणि दांड्याला 108 मिलिमीटरचं पातं. नर्सरी ग्रीनच्या (राखीव गवत वाढवायच्या हिरवळीच्या) कडेला पहिली दोन होलं लोण्यासारखी कापली गेली. तिसऱ्यात चारेक इंच खाली मुरमाचा खडा लागला. पातं जागच्या जागी अडकलं, मोटर थांबली नाही, मग गरकन फिरलं ते ड्रिल, माझ्या मनगटासकट. ड्रिलिंगच्या खुणेवर ठेवलं की जास्त जोर आल्यावर सुटणारा क्लच मध्ये पडतच नाही, सगळा जोर थेट हातावर येतो. नंतर कागदावर हिशोब केला: 60 न्यूटन-मीटर टॉर्क (पिळाचा जोर), मूठ अक्षापासून 20 सेंटिमीटरवर, म्हणजे 300 न्यूटन. तीस किलोचा झटका, तोही एका मनगटावर. आठवडाभर क्रेप बँडेज होतं.

हे यंत्र मी माझ्यासाठी करत नाहीये. ज्या मामांसाठी करतोय ते रोज पहाटे 18 ग्रीन्सवरची होलं हलवतात. नवं होल पाडायचं आणि त्यातून निघालेल्या गवत-मातीच्या गोल तुकड्याने, म्हणजे प्लगने, जुनं बुजवायचं. पावसाळ्यात ठीक, पण एप्रिल-मेमध्ये आमच्याकडची जुनी मातीची ग्रीन्स इतकी टणक होतात की अठरावं होल होईपर्यंत त्यांचा उजवा खांदा वर जात नाही. वाळूवर बांधलेल्या नव्या ग्रीन्समध्ये फूटभर जाडीचा वाळूचा थर असतो, तिथे खडा सहसा लागत नाही. जुन्या ग्रीनखाली काय आहे ते मात्र पातं आत गेल्यावरच कळतं. खांदा वाचवायला दिलेल्या यंत्राने मनगट मोडलं तर काय उपयोग?

मग एक पहाट नुसतं मामांचे हात बघत बसलो. ते कटर गरगर फिरवतच नाहीत! थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे, आणि वरून अंगाचा भार. विचारलं तर म्हणाले, "दादा, एकाच बाजूला फिरवलं की मुळं पिळतात. मग तो प्लग दुसरीकडे लावला की पिवळा पडतो." म्हणजे उत्तर रोज माझ्या डोळ्यांसमोरच होतं.

मोटर एका दिशेने फिरते आणि टोकाचा दांडा मागेपुढे जातो, असं यंत्र बहुतेक मोटारींच्या काचेवर असतं. रविवारी जुन्या बाजारात गेलो आणि वायपरची मोटर दांड्यांसकट घेऊन आलो. मोटरकडचा क्रँक (गोल फिरणारा हात) 30 मिलिमीटरचा, पात्याकडचा हात 90 मिलिमीटरचा केला. झोका सुमारे 40 अंशांचा मिळाला, म्हणजे पात्याचा काठ दर झोक्याला 38 मिलिमीटर सरकतो. काठाला 12 खाचा आहेत, दोन खाचांमध्ये 28 मिलिमीटर अंतर आहे. झोका त्यापेक्षा मोठा असल्यामुळे न कापलेला तुकडा मध्ये उरत नाही. पातं अडकलं तरी यंत्र तुम्हाला घेऊन गोल फिरू शकत नाही, कारण ते गोल फिरतच नाही.

इथे मी एक चूक करणार होतो. जोर मर्यादेत ठेवायची तुटणारी पिन मी मोटरच्या बाजूला लावली होती. पण क्रँक झोक्याच्या टोकाशी आला की जोर कितीतरी पटींनी वाढतो. मोटरला काही जाणवत नाही आणि पात्यावर मात्र प्रचंड ताण. पिन पात्याच्या बाजूलाच हवी. आता तिथे 4 मिलिमीटरची पितळी पिन आहे. पाच पिना मुद्दाम तोडल्या. 50 सेंटिमीटरचा हात आणि टोकाला स्प्रिंग काटा लावून मोजलं तर त्या 55 ते 60 न्यूटन-मीटरला तुटतात. ओल्या ग्रीनला 20 पुरतात, कोरड्या ग्रीनला 40 लागले. तेव्हा मधली जागा पुरेशी आहे.

झटका हातावर येऊ नये म्हणून सांगाडा 60 सेंटिमीटर चौकोनी प्लायवर बसवला आहे, मध्ये भोक, खाली फोम. चालवणारा त्या फळीवरच उभा राहतो. पिन तुटताना फळीच्या कडेला 20 किलोचा रेटा येतो, आणि वर 70 किलोचा माणूस उभा असतो. फळी जागची हलत नाही, ग्रीनवर बुटांचे वळही उठत नाहीत. मुठी फक्त खाली दाबायला. फळी उतारावर टेकली तरी होल ओळंब्यातच हवं, म्हणून सांगाडा लांबट खाचांतून 5 अंश कलतो, आणि मुठींच्या मध्ये पाणसळीचा बुडबुडा बसवलाय.

पात्याबद्दल थोडं. होल 4.25 इंच व्यासाचं आणि निदान 4 इंच खोल हवं, हे माप 1890 च्या दशकापासून ठरलेलं आहे. त्याच्या कितीतरी आधीचं, 1829 चं, स्कॉटलंडच्या मसलबर्ग क्लबचं कटर आजही जपून ठेवलेलं आहे. (त्याच वर्षी कलकत्त्याचा गोल्फ क्लब सुरू झाला, हे वाचून मला फार आनंद झाला.) चार इंची पाइप मात्र जसाच्या तसा चालत नाही, बाहेरून तो 114.3 मिलिमीटर भरतो. शेड्यूल 40 जाडीच्या पाइपचा तुकडा लेथवर बाहेरून 108 ला आणला, आतून 105 ला बोअर केला. धार बाहेरच्या बाजूने उतरती दिली. आतून उतरती दिली की होलची भिंत जास्त साफ येते, पण प्लग दाबला जाऊन पात्यात घट्ट बसतो. आणि घट्ट बसलेला प्लग काढायला माणूस काय करतो? बोटं आत घालतो. माझ्या मते या यंत्रातला सगळ्यात धोक्याचा क्षण तोच. म्हणून प्लग ढकलणारी दांडी उचलली की तिच्याखालचा स्विच मोटरची वीज मधूनच तोडतो. दांडी पूर्ण खाली बसल्याशिवाय बॅटरी मोटरपर्यंत पोचतच नाही.

बटणं दोन, दोन्ही मुठींवर एकेक, आणि तिसरा स्विच फळीखाली. तिन्ही दाबलेले असतील तरच पातं हलतं. मामांना दाखवलं. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "एका बटणाला सुतळी बांधली की एक हात मोकळा." अगदी बरोबर. ते नाही तर दुसरं कुणीतरी बांधेलच, पहाटे घाई असते. त्याला सूचनांचा कागद चिकटवणं हा उपाय नव्हे. आता रिले (विजेवर चालणारा स्विच) अशी जोडली आहे की प्रत्येक होलनंतर दोन्ही बटणं सुटल्याशिवाय पुढचं होल सुरूच होत नाही. सुतळी बांधली की यंत्र मुकं. मामांनी स्वतः बांधून खात्री केली, मग मान डोलावली.

शनिवारी नर्सरी ग्रीनवर 11 होलं पाडली, प्रत्येक आठ इंच खोल. सातव्या होलाला खडा लागला. टक् असा आवाज आला, पिन तुटली आणि पातं शांत. माझ्या हातांना फक्त मुठीची थरथर जाणवली. नवी पिन बसवून खडा स्क्रू-ड्रायव्हरने उकरला, तेही बॅटरी काढून.

दोन गोष्टी राहिल्यात. साध्या लोखंडाची धार अकरा होलांतच बोथट झाली, तेव्हा टोकाला ईएन-8 पोलादाची कडी बसवून ती कडक करून आणायची आहे. आणि दांडीखालच्या स्विचमध्ये ओली माती शिरते. दहाव्या होलाला दांडी वर असताना तो चिकटून चालू स्थितीत राहिला. बोटं वाचवणारा स्विच असा चिकटून चालणार नाही. म्हणून तिथे बंद डबीतले दोन स्विच ओळीत लावतोय, एक चिकटला तरी दुसरा तोडेल. तोवर हे यंत्र मी मामांच्या हातात देणार नाही, त्यांना तसं सांगितलंही आहे.