पँट्रीतल्या भिंतीवरचा कागद

२०१२च्या जानेवारीत मी हार्टफर्डला पोचले. बाहेर गुडघाभर बर्फ होतं आणि माझ्या हातात बारा आठवडे होते. कनेक्टिकटमधलं हे शहर विमा कंपन्यांचं. त्यातल्याच एका कंपनीत, मेनफ्रेमवर, म्हणजे जुन्या धाटणीच्या मोठ्या संगणकावर, चालणारी पॉलिसी नूतनीकरणाची सिस्टिम शिकून घ्यायला मला पाठवलं होतं. तिथल्या टीममध्ये नऊ माणसं होती. नऊही जाणार होती. त्यांच्या जागी ऑनसाइटला आम्ही दोघं, आणि उरलेलं काम पुण्यातल्या सात जणांकडे. आमच्या भाषेत याला केटी म्हणतात, नॉलेज ट्रान्सफर. आधी शिकायचं, मग शॅडो, म्हणजे त्यांच्या शेजारी बसून काम बघायचं, मग रिव्हर्स केटी, म्हणजे शिकलेलं त्यांनाच करून दाखवायचं, आणि शेवटी साइन-ऑफ, काम आलं अशी सही.

निघताना लीडने बजावलं होतं, "क्लायंटकडचे लोक थोडे थंड वागतील, मनावर घेऊ नका."

माझ्या शेजारी बसणारी बाई थंड वागली नाही. तिचं नाव मी लिहीत नाही. त्या सिस्टिमवर तिची बावीस वर्षं झाली होती. केटी पूर्ण करून दिली तरच सेव्हरन्सचे, म्हणजे नोकरी जाताना द्यायचे, पैसे मिळतील, असं तिला पत्रातून कळवलेलं होतं. ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही. दोघी रोज सकाळी साडेआठला एकाच स्क्रीनसमोर बसायचो.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री बॅच, म्हणजे रात्री आपोआप चालणारी कामं, अबेंड झाली, मध्येच बंद पडली. एस-झिरो-सी-सेव्हन. म्हणजे अंकांच्या रकान्यात अंक नसलेलं काहीतरी आलं आणि प्रोग्राम आपटला. पुस्तकात शिकवतात तसं मी डंप, म्हणजे प्रोग्राम आपटला त्या क्षणाची मेमरीची नोंद, उघडून चूक नेमकी कुठे झाली ते शोधत बसले. तिने मागून एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "तारीख बघ." वर्षाच्या सुरुवातीचे दिवस होते. एका एजन्सीकडून रद्द झालेल्या पॉलिसींची जी फाइल यायची, तिच्यात या दिवसांत शून्यांच्या जागी मोकळ्या जागा भरून यायच्या. का, ते तिलाही पूर्ण माहीत नव्हतं, पण १९९८पासून तिने ते पाहिलं होतं. तिने ती फाइल बाजूला काढली, चार रेकॉर्ड दुरुस्त केले, जॉब पुन्हा सोडला. वीस मिनिटं. मी त्यावर सकाळपर्यंत बसले असते. मग तिनेच केटीच्या डॉक्युमेंटमध्ये तो प्रकार नीट लिहिला, उदाहरणासकट. तिला ते न लिहिणं सहज शक्य होतं. कुणाला कळलंही नसतं.

पाचव्या आठवड्यात आम्ही पँट्रीत कॉफी घेत उभ्या होतो. किमान वेतनाच्या आणि सुरक्षिततेच्या सरकारी सूचना लावतात तो फळा तिथे होता. तिने त्याकडे बोट केलं. म्हणाली, "तुझा पगार मी तू यायच्या आधीच वाचला होता. इथे लागला होता."

मला आधी कळेचना. तिने समजावलं. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिथे एक कागद लागला होता. अमुक कंपनी, अमुक पदासाठी, एच-१बीवर, म्हणजे परदेशी कुशल कामगारांच्या व्हिसावर, इतकी माणसं आणणार, पगार वर्षाला ६१,५०० डॉलर, कामाचं ठिकाण याच इमारतीचा पत्ता. कंपनीचं नाव तिने कधी ऐकलं नव्हतं. घरी जाऊन शोधलं. मॅनेजरने टीमला बोलावून सांगितलं ते नोव्हेंबरमध्ये. ती चार-पाच महिने आधीपासून जाणून होती, आणि तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारच्या माणसाच्या मुलीचं कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं, म्हणून.

तिचा पगार नव्वद हजारांच्या वर होता. तेही तिने त्याच दमात सांगितलं. आवाज चढवला नाही. मी काय बोलले ते आठवत नाही. बहुधा काहीच नाही.

तो कागद म्हणजे एलसीएची नोटीस. एच-१बीसाठी मालकाला आधी कामगार खात्याकडे लेबर कंडिशन अ‍ॅप्लिकेशन भरावं लागतं, आणि कामाच्या जागी ठळक अशा दोन ठिकाणी त्याची सूचना दहा दिवस लावावी लागते. क्लायंटच्या इमारतीतसुद्धा. अमेरिकन कामगाराला माहिती असावी म्हणून. माहितीच फक्त. ती वाचून त्याने थांबवण्यासारखं त्यात फारसं काही नसतं.

माझ्या पगाराच्या आकड्याचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी, कायदा स्वतः वाचायला घेतला तेव्हा कळला. १९९८मध्ये अमेरिकेने एच-१बीची वार्षिक मर्यादा ६५,००० वरून १,१५,००० केली, वाय-टू-केच्या, म्हणजे २००० साल लागताच संगणकांतल्या तारखा चुकतील या भीतीच्या, धामधुमीत. (पुढे तीन वर्षं ती १,९५,००० होती, आणि २००४च्या आर्थिक वर्षापासून पुन्हा ६५,०००.) त्याच कायद्यात एक संरक्षणही घातलं. ज्या मोठ्या कंपनीत पंधरा टक्के किंवा जास्त कर्मचारी एच-१बीवर आहेत, तिने लिहून द्यायचं की आम्ही अमेरिकन कामगाराला हटवून त्याच्या जागी माणूस आणत नाही, आणि आधी इथे माणूस शोधला आहे. चांगलं कलम आहे. पण लगेच पुढे सूट आहे: त्या माणसाला वर्षाला ६०,००० डॉलर किंवा जास्त पगार असेल, किंवा त्याच्याकडे मास्टर्स असेल, तर हे लिहून देण्याची गरज नाही. १९९८मध्ये ६०,००० हा बरा पगार होता. तो आकडा महागाईप्रमाणे वाढेल अशी तरतूद केली नाही. आजही तो ६०,०००च आहे.

म्हणून ६१,५००. माझ्या कामाची ती किंमत नव्हती. त्या रेषेच्या वर पाऊल पडावं म्हणून ठरवलेला तो आकडा होता, असं मी आज मानते.

दुसरी गोष्ट पगाराच्या पातळ्यांची. एलसीएवर चार पातळ्या असतात. एखाद्या भागात एखादं काम करणाऱ्या शंभर जणांना पगाराच्या चढत्या क्रमाने उभं केलं, तर पहिली पातळी साधारण सतराव्या माणसाचा पगार, दुसरी चौतिसाव्याचा. मधला माणूस तिसऱ्या पातळीला येतो. म्हणजे पहिल्या दोन पातळ्यांवर माणूस आणला, तर मधल्या पगारापेक्षा कमी देणं पूर्णपणे कायदेशीर आहे. माझ्या कागदावर पहिली, म्हणजे नवशिक्याची, पातळी होती. तेव्हा मला साडेपाच वर्षांचा अनुभव होता.

हे मी आज का लिहिते आहे? १९ सप्टेंबर २०२५च्या शुक्रवारी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर भरण्याचा आदेश निघाला. तो रविवारपासून लागू होणार होता. त्या दोन दिवसांत आमच्या मराठी ग्रुपवर जे चाललं ते मी विसरणार नाही. कुणाची बायको भारतात, कुणी विमानतळावरून मागे फिरलेलं. आधीच व्हिसा असलेल्यांना हे लागू नाही, एकदाच भरायची रक्कम आहे, असा खुलासा नंतर आला. भीती खरी होती, आणि ती मलाही वाटली. पण त्या भीतीसोबत एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं: यांच्याकडे कौशल्य नाही म्हणून आपल्याला बोलावतात.

मी ज्या खोलीत बसले, तिथे कौशल्याचा तुटवडा नव्हता. काम येणारी नऊ माणसं तिथे बसलेली होती. मला काम येत नव्हतं, ते त्यांनी शिकवलं. इतर ठिकाणी तुटवडा असेल, संशोधनात असेल, चिपच्या डिझाइनमध्ये असेल. मी माझ्या खोलीचं सांगते. आणि ती खोली एकटी नव्हती. २०१५मध्ये ऑरलँडोत डिस्नीच्या सुमारे अडीचशे आयटी कर्मचाऱ्यांची हीच कथा पेपरात आली. त्यांच्यातला एक जण पुढच्या वर्षी सिनेटच्या समितीसमोर, आपल्याच जागी येणाऱ्याला कसं शिकवावं लागलं हे सांगताना रडला. तो व्हिडिओ मी पूर्ण पाहू शकले नाही.

आपण कष्ट केले नाहीत, असं मी म्हणत नाही. आपण बांधलेले होतो, हे आपण सांगत नाही एवढंच. नोकरी गेली तर साठ दिवस, त्यात नवा मालक शोधा नाहीतर निघा. माझ्या नवऱ्याला कामाची परवानगी नव्हती. मेकॅनिकल इंजिनिअर माणूस चार वर्षं घरी बसला, आणि त्या चार वर्षांचं आमच्या घरात अजून नीट बोलणं होत नाही. अशा माणसाने पगार वाढवून मागायचा कसा? आणि जो मागू शकत नाही, तो शेजारच्याचाही पगार खाली ओढतो, इच्छा असो वा नसो.

याहून जड गोष्ट पुढची आहे. २०१४च्या शरद ऋतूत कंपनीने माझं ग्रीन कार्ड सुरू केलं. त्यासाठी पर्म, म्हणजे कामगार खात्याचं प्रमाणपत्र, लागतं, आणि पर्मसाठी मात्र इथे माणूस शोधावा लागतो. वेगवेगळ्या दोन रविवारी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. किमान पात्रतेचा, काम करायला तयार असलेला अमेरिकन मिळाला, तर अर्ज पुढे जात नाही.

पहिल्या रविवारी मी पेपर विकत आणला. जाहिरात चार ओळींची होती. कोबोल, जेसीएल, डीबी-टू (ही सगळी मेनफ्रेमवरची तंत्रं), विमा क्षेत्राचा अनुभव, हार्टफर्ड. ती माझ्या नोकरीची जाहिरात होती, आणि वाचताना माझ्यासमोर एकच माणूस उभं राहिलं. त्यातली प्रत्येक अट ती पूर्ण करत होती. माझ्याहून जास्त. मला ते सगळं तिनेच शिकवलेलं होतं. मी मनात म्हटलं, तिने आज पेपर घेतलेला नसू दे. पुढच्या रविवारीही तेच म्हटलं. तिच्या घरी दोन वेळा जेवलेली मी.

तिने अर्ज केला नाही. का, ते मी तिला कधी विचारलं नाही. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, २०१५ची पडली. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,०००, आणि एका देशाला सात टक्क्यांच्या आसपास मर्यादा. माझा नंबर अजून लागलेला नाही.

एक लाख डॉलरने माझ्या हार्टफर्डच्या खोलीत काय बदललं असतं? आम्ही दोघं कदाचित गेलो नसतो. पुण्यातल्या सात जणांना व्हिसा लागतच नव्हता. केटी स्क्रीन शेअर करून झाली असती, आणि नऊ खुर्च्या तशाच रिकाम्या झाल्या असत्या. खरंच बदल हवा असेल, तर ६०,०००ची सूट काढून टाका. मधल्या पगाराच्या खाली माणूस आणू देऊ नका. आणि आलेल्या माणसाला मालक बदलायची खरी मोकळीक द्या, ग्रीन कार्डची रांग न मोडता. एच-१बीसाठी मर्यादेहून जास्त अर्ज आले की लॉटरी निघते; तिच्यात पगाराच्या पातळीप्रमाणे वजन द्यायचा प्रस्ताव २०२५च्या सप्टेंबरातच आला, चौथ्या पातळीच्या नावाच्या चार चिठ्ठ्या, पहिलीची एक. त्याचं मी स्वागत करते, माझ्यासारखीची निवड त्यात कदाचित झाली नसती तरी.

ग्रुपवर मी यातलं थोडंसं लिहिलं. दोघांनी खासगीत फोन केला, एक जण ग्रुप सोडून गेला.

माझा भाचा टेक्सासमध्ये मास्टर्स करून या ऑक्टोबरपासून एच-१बीवर गेला. कामावर रुजू व्हायच्या दिवसापर्यंत एलसीएची प्रत हातात द्यावी लागते, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "मागून घे, आणि पगाराच्या पातळीचा रकाना बघ." तीन दिवसांनी त्याचा फोन आला.

"मावशी, लेव्हल वन लिहिलंय."

"अनुभव किती तुझा?"

"भारतातला धरून चार वर्षं."

"आणि तुझ्या शेजारी कोण बसतं?"

तो जरा थांबला. "एक जण आहेत. खूप वर्षांचे आहेत. सध्या मला सगळं तेच दाखवतायत."