येल्लो आला कुठून?

२०२३ चा ऑगस्ट. नागपुरात पावसाने अशी दडी मारली होती की लोक कूलर परत सुरू करायला लागले होते, नंतर आकडे आले तेव्हा कळलं की देशात १९०१ पासूनचा तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. आमच्यासाठी कोरडा ऑगस्ट म्हणजे पांढरी माशी. जोराचा पाऊस झाला की ती धुवून निघते, उघडीप मिळाली की नुसती वाढत जाते. मी तेव्हा एका प्रोजेक्टवर जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलो होतो. शेताशेतातून या माश्या पकडून आणायच्या आणि त्यांच्यात व्हायरस आहे का ते बघायचं, हेच काम. पोरगा काय करतो असं कोणी विचारलं की बाबा सांगायचे, माश्या मारतो. खोटं नव्हतंच ते.

तर उमरेडकडच्या एका गावातून आमच्या प्रोजेक्टच्या मॅडमना फोन आला, सोयाबीन पिवळं पडून रायलं म्हणून. हाच तो 'येल्लो', म्हणजे येल्लो मोझॅक, पांढरी माशी पसरवते तो व्हायरसचा रोग. आम्ही उजाडता उजाडता शेतात, कारण सकाळच्या गारव्यात माशी सुस्त असते, ऊन चढलं की पानाला हात लागायच्या आत उडते. पान खालून हळूच उलटायचं. मोठी माशी जेमतेम एक मिलिमीटरची, पंखांवर पावडर मारल्यासारखी, आणि तिच्याच बाजूला पिल्लं पानाला चपटी चिकटलेली, हिरवट-पिवळी, जागची हलत नाहीत, बसल्या बसल्या रस पितात. मोठ्या माश्या आम्ही तोंडाने ओढायच्या नळीत घेतो, मध्ये जाळी असते म्हणून पोटात जात नाहीत, तरी पहिल्या वेळी प्रत्येकाला तीच भीती वाटते.

सोयाबीनच्या पानांवर पिवळे-हिरवे ठिपके एकमेकांत मिसळलेले, बोअरच्या कोपऱ्यात तर अख्खी झाडं पिवळीजर्द. त्या कोपऱ्यापासून जसजसं लांब जावं तसतसं कमी. पण माशी? पानामागे एखादी, कुठे तीही नाही. शेत ज्यांचं त्या काकांनी तीन फवारण्या मारल्या होत्या, दुकानदाराने दोन-तीन औषधं मिसळून दिलेली, त्यात सायपरमेथ्रिन हे कीटकनाशकपण. काका म्हणाले, "माशी तर मेली नं मॅडम, मंग येल्लो काऊन वाढून रायला?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मॅडमनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच बसून समजावलं. माशी रोगट झाडाचा रस पिते तेव्हा व्हायरस तिच्या पोटात जातो, तिथून रक्तात, रक्तातून लाळेच्या ग्रंथीत, याला काही तास लागतात. पण एकदा तिथे पोचला की ती पुढे कितीतरी दिवस, बरेचदा मरेपर्यंत, ज्या झाडाला सोंड लावेल त्यात तो सोडत राहते. एक माशी एका झाडाला पुरते. आणि आज पिवळं दिसणारं पान आज नाही बिघडलेलं, आठ-पंधरा दिवस आधी कोणीतरी टोचून गेलंय. त्यावर आता काहीही मारा, झाड बरं होत नाही. वर सायपरमेथ्रिनसारख्या औषधाने माशीला खाणारे मित्रकिडे मरतात आणि माशी उलट जोमाने परत येते. काका गप. तीन फवारण्यांचा खर्च आठवला असणार.

माश्यांचे ढग होते ते घराजवळच्या वांग्यांवर. पान हलवलं की पांढरा धुरळा. मला वाटलं झालं, सापडलं मूळ. मॅडम म्हणाल्या, थांब, सगळीकडचं सॅम्पल घे. म्हणून वांगी, सोयाबीन, बोअरजवळ काकूंनी लावलेली बरबटी (म्हणजे चवळी), आणि धुऱ्यापलीकडच्या चुलतभावाच्या शेतातला मूग. हा मूग उन्हाळी पिकाचा उरलेला. बोअरच्या ओलीवर काही जुनी झाडं तशीच उभी होती, बाकी सांडलेल्या शेंगांतून आपोआप उगवलेली, आणि जवळपास सगळी पिवळी.

लॅबमध्ये पीसीआर लावला, म्हणजे व्हायरसचा डीएनए शोधायची चाचणी; शेवटी जेलवर पट्टा दिसला की व्हायरस आहे. एका माशीचा डीएनए काढणं हे किचकट काम आहे, ट्यूबमध्ये ती दिसतही नाही धड. जेलवर सोयाबीनमध्ये पट्टा, मुगात पट्टा, सोयाबीनवरच्या त्या मोजक्या माश्यांतल्या बऱ्याच जणींत पट्टा. वांग्याच्या झाडात काहीच नाही, तिथल्या बहुतेक माश्या कोऱ्या. गर्दी एकीकडे, रोग दुसरीकडे. हा व्हायरस शेंगवर्गीय पिकांचा, वांग्यात तो टिकतच नाही, मग तिथे हजार माश्या बसल्या तरी त्यांना मिळणार काय? नुसत्या माश्या मोजून फवारणीचा सल्ला देणाऱ्यांवर माझा तेव्हापासून भरवसा नाही.

खरी पंचाईत पुढे होती. रिझल्ट सांगायला गेलो तर चुलतभाऊपण येऊन बसलेला. मॅडमनी मुगाचं नाव घेतलं आणि काका उठलेच, "म्हणजे याच्याच वावरातून आला नं! भरपाई दे आता." तो म्हणे मूंग मी आजचा लावतो काय, आजा लावत होता. मॅडम म्हणाल्या, पट्टा दिसला म्हणजे कोणाकडून कोणाकडे गेला हे त्यात लिहिलेलं नसतं. मूग उन्हाळ्यापासून उभा होता, सोयाबीन जूनअखेर पेरलं, म्हणून संशय मुगावर जास्त, एवढंच. मग त्यांनी कागद उलटून दुसरी ओळ दाखवली. बरबटीतही पट्टा होता, आणि बरबटीपण मे महिन्यापासूनची.

चुलतभाऊ खो खो हसला. काकांनी काकूंकडे पाहिलं. पुढच्या वर्षी पेरणीच्या आधी दोन्ही बाजूंनी मूग-बरबटीची जुनी झाडं आणि आपोआप उगवलेली रोपं उपटायची, पिवळे चिकट सापळे लावायचे आणि सोयाबीनमध्ये पहिलं पिवळं झाड दिसलं की लगेच काढून गाडायचं, यावर दोघं कसेबसे तयार झाले. काकू मात्र चहाचे कप उचलता उचलता म्हणाल्या, "आधी त्याईले मूंग उपटू द्या, मंग मी माह्या बरबटीचं पायतो."